डावी, उजवी आणि महादेवी

आमच्या सरांना कुणाचंही नाव लक्षात राहायचं नाही. राहत असेलही, पण तोंडावर येत नसे. फुटबॉलच्या मैदानावर ते आम्हाला पायांवरून ओळखायचे. माझा डावा पाय चालतो, म्हणून मी 'डावी'. शबाना 'उजवी'. तिच्याहून ठेंगणी होती ती 'बारकी उजवी'. गोलात उभी राहायची तिला नुसतं 'हात' म्हणायचे. ती बिचारी घरी जाऊन रडली, तरी सरांच्या लेखी ती शाळा सुटेपर्यंत 'हात'च राहिली. एका मुलीला मात्र त्यांना नावानं हाक मारावी लागे, कारण तिचे दोन्ही पाय सारखेच चालायचे. ती महादेवी.

आमचं गाव कर्नाटकातल्या औराद तालुक्यातलं, चिंताकीच्या बाजूचं. सर तिथल्या हायस्कुलात पी.टी. शिकवायला बदली होऊन आले, ते आळंद तालुक्यातल्या मादन हिप्परग्याचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी, आणि राग आला की दखनी उर्दू. उंच, थोडे वाकलेले. ऐन उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला फिकट निळा स्वेटर. लग्न केलं नव्हतं की मोडलं होतं, हे गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीशेजारच्या एका खोलीत राहायचे, स्वतः भाकरी थापायचे आणि त्या इतक्या वाकड्या व्हायच्या की गिरणीवाल्याची बायको त्या बघायला शेजारणींना बोलवायची.

गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. एकदा शबानानं विचारलंच. सर म्हणाले, "शिट्टी ऐकून कुत्रं थांबतंय. तुमी बघून थांबा."

रस्त्यानं चालताना त्यांना एक खोड होती. बरोबर कुणीही असो, पायापुढं आलेला खडा ते अलगद त्याच्याकडं ढकलायचे आणि वाट बघायचे. समोरच्यानं तो परत ढकलला तर सर खुलायचे, बोलायला लागायचे. हेडमास्तरांनी एकदा खडा उचलून गटारात टाकला. पुढं बरेच दिवस सर त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते. एका तेरवीहून परतताना त्यांनी खुद्द मयताच्या भावापुढं खडा सरकवला. त्या भावानं दुःखात असूनही तो परत ढकलला, म्हणून सर गावभर त्याला भला माणूस म्हणत फिरले. लोक म्हणायचे, मास्तराच्या डोक्याचा एखादा पेच ढिला आहे.

फुटबॉल ते हैदराबादेत शिकले होते, पी.टी.चं शिक्षण घेताना. आमच्या शाळेतली पोरं क्रिकेटवाली. सरांनी त्यांना पहिले काही आठवडे नुसतं समोरासमोर उभं करून पास द्यायला लावलं, तेव्हा ती एकेक करून पळाली. मग सरांचे चेंडू पडून राहिले. एक दिवस प्रार्थनेनंतर त्यांनी आम्हा पोरींकडं बघून विचारलं, "तुमाला यायचंय का?" आम्हाला वाटलं, चेंडू उचलून ठेवायला बोलवायलेत. आम्ही गेलो.

मैदान लाल मुरमाचं. पडलं की गुडघ्याची साल जायची. दोन्ही टोकांना गोलाचे बांबू होते, ते सरांनी आल्या-आल्या उपटून खोलीत नेऊन ठेवले होते. "गोल दिसला की माणूस आंधळं होतंय," म्हणायचे. मग आम्ही खेळायचो काय? पास. सकाळी पास, संध्याकाळी पास. पायाच्या आतल्या बाजूनं, घोटा ताठ. उभा पाय तिकडं वळलेला पाहिजे, जिकडं चेंडू जाणार. चेंडू पायाशी यायच्या आधी मान वर करून बघायचं, कोण कुठं आहे. हे बघणं त्यांच्या तोंडी कन्नडमध्येच यायचं. मैदानाच्या कडेनं ते वाकून पळत असायचे आणि ओरडायचे, "नोडु! नोडु! बघ आधी!"

पास चुकला की मात्र दखनी. "किसकू दी? किसकू?" ज्या मुलीकडून चेंडू भलतीकडं गेला, तिनंच तो पळत जाऊन आणायचा आणि जिला द्यायचा होता तिच्यापुढं उभं राहून म्हणायचं, "माफ कर, तुला उगं पळायला लावलं." पहिल्यांदा आम्ही हसून लोळलो. नंतर हसू गेलं. रोज वीसदा कुणाची माफी मागून बघा, पाय आपोआप सरळ होतो.

पास बरोबर गेला तरी त्यांचं समाधान नसायचं. माझ्याजवळ येऊन विचारायचे, "डावी, तिला कुठल्या पायाला दिलीस?"

"पायाशी दिले की सर."

"कुठल्या?"

मला ठाऊक नसायचं.

"तिच्या उजव्या हाताला मोकळी जागा हाय. डाव्या पायाला दिलीस तर तिला आधी वळावं लागतंय. तवर दुसरी येऊन काढून घेती. तू पास दिलीस, का घोर दिलीस?" मग थोडं थांबून, हळू आवाजात, "जिला देतीस तिचं पुढचं काम हलकं झालं पायजे. बाकी काय न्हाई."

आता मी बीदरला एका कॉलेजात शिकवते. फुटबॉल केव्हाच सुटला. पण हे त्यांचं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

मला खेळायला पाठवावं म्हणून सर आमच्या घरीही आले होते. आमचे अप्पा सोसायटीत कामाला, माणूस हिशेबी. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "सर, खेळून पोरीला मिळणार काय?"

सरांनी कपातल्या चहाकडं बघितलं. मग म्हणाले, "काय न्हाई."

अप्पा मोठ्यानं हसले. सर गेल्यावर आईला म्हणाले, "जाऊ दे तिला. खोटं बोलत न्हाई माणूस."

महादेवीला बोलवायला मात्र सर कुणाच्या घरी गेले नव्हते. ती आपणहून आली. तिचा बाप गावात सालगडी होता. आई सतत आजारी, धाकटी भावंडं. ती शाळेत अर्धे दिवस यायची, पण मैदानावर रोज. तिला चेंडूचं शिकवावं लागलंच नाही. चेंडू पायाशी आला की तो तिचाच व्हायचा. चार पोरी अंगावर आल्या तरी ती कमरेतून अशी वळायची की आम्ही एकमेकींवर आदळायचो आणि ती पलीकडं निघून गेलेली असायची. एकदा ती अशीच सगळ्यांना चुकवून गेली तेव्हा मी सरांकडं बघितलं. सर हसत होते, लहान पोरासारखे. मग त्यांनी तोंडावरून हात फिरवला, हसू पुसून टाकल्यासारखं, आणि ओरडले, "किसकू दी?"

"कुणालाच न्हाई सर," महादेवी म्हणाली. "माझ्यापाशीच हाय."

आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

त्या दोघांचं भांडण तिथून सुरू झालं ते संपलंच नाही. सर तिला रोज सांगायचे, ती रोज ऐकायची आणि चेंडू मिळाला की विसरायची. तालुक्याच्या सामन्यांसाठी बांबू परत रोवले गेले. तिथं तिनं गोलांचा पाऊस पाडला. गाव खूश झालं. सरांनी सामना संपल्यावर पाठ थोपटली ती बारक्या उजवीची, कारण तिनं एकदा महादेवीला नेमका पास दिला होता. महादेवी बाजूला उभी राहून बघत होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा उलट बोलली.

"सर, हिला दिलं तर ही घालवती. मग कामून द्यायचं?"

"ती घालवती, कारण तिला कुणी देत न्हाई," सर म्हणाले.

"तवर हारायचं व्हय?"

"व्हय."

दोघांचंही खरं होतं, असं मला आज वाटतं. त्या वेळी आम्हाला एवढंच कळत होतं की सर तिच्याशी जास्त कडक वागतात. त्यांना तिच्याइतकं कुणी आवडत नव्हतं, हेही दिसत होतं. दुसऱ्या कुणी चेंडू घालवला तर ते दोन शब्द बोलून सोडून द्यायचे. तिच्यामागं मात्र हात धुऊन लागायचे.

त्या वर्षी जिल्ह्याचे सामने बीदरला होते. अंतिम सामना बघायला क्रीडा वसतिगृहाचे साहेब येणार, असं कळलं. पोर निवडली गेली तर राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट, पुढं खेळाच्या जोरावर नोकरीही. महादेवीच्या बापानं ते ऐकलं होतं. गावातलं काम त्याला पुरत नव्हतं, सगळं घर घेऊन हैदराबादला बांधकामावर जायचं त्याच्या मनात होतं. तो सरांना शाळेच्या फाटकात गाठून म्हणाला, "सर, हिला तिथं घेतले तर मी हिला ठेवून जातो. तेवढी एक तरी शिकंल."

सर म्हणाले, "घेत्याल. न घेऊन जात्यात कुठं?" मी तिथंच उभी होते. सर असं ठाम कधी बोलायचे नाहीत.

बीदरला उपांत्य सामना सकाळी होता. महादेवीनं दोन गोल केले आणि आम्ही जिंकलो. पण त्या दोन्हींच्या मध्ये एक प्रसंग घडला. शबाना गोलासमोर एकटी, पूर्ण मोकळी उभी होती, हात वर करून हाका मारत होती. महादेवीनं तिला बघितलं. बघूनही दिला नाही, स्वतःच पुढं गेली आणि चेंडू घालवला. शबाना खाली बसली, तोंड गुडघ्यात घालून. सामना संपला तरी तिचे डोळे लाल होते. आम्ही महादेवीला खांद्यावर घेऊन नाचत होतो आणि सर शबानाकडं बघत होते.

दुपारी अंतिम सामन्याआधी सरांनी नावं, म्हणजे पाय, सांगितले. त्यात महादेवी नव्हती.

"आज तू बस," ते तिला म्हणाले.

तिला ती थट्टा वाटली. ती बुटांच्या नाड्या बांधत होती, बांधत राहिली. आम्ही मैदानात गेलो तेव्हा तिला उमगलं. ती उठून सरांच्या पुढं उभी राहिली. "सर, साहेब आल्यात."

"आल्यात की."

"सर, देते मी पास. आईशप्पत देते."

"आज साहेब बघायलेत म्हणून देशील," सर म्हणाले. "बस."

वरून बीदरच्या तळावरची हवाई दलाची विमानं जात होती, त्यांच्या आवाजात मला पुढचं ऐकू आलं नाही. महादेवी खाली बसली एवढं दिसलं.

मध्यंतराला आम्ही एका गोलानं मागं होतो. मी सरांजवळ गेले. "सर, महादेवीला घ्या ना."

"डावी, पाणी पी."

"सर, तिचं वसतिगृह..."

"पाणी पी म्हणलो न्हवं?"

तेवढ्यात टोपी घातलेले एक साहेब आमच्याकडं आले. सकाळच्या सामन्याबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, "दोन गोल केलेली मुलगी कोणती? ती खेळत नाही का?"

महादेवी तिथंच बसली होती, हातभर अंतरावर. ती चटकन उभी राहिली.

सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. साहेबांना म्हणाले, "ती अजून तयार न्हाई."

साहेबांनी बरं म्हणून मान हलवली आणि ते परत गेले. महादेवी काही वेळ तशीच उभी होती. मग तिनं खाली बसून नाड्या सोडल्या, बूट काढले आणि जोडीनं बाकाखाली ठेवून दिले. बूट शाळेचे होते.

खरं सांगायचं तर आम्ही त्या दुपारी जसं खेळलो, तसं आधी किंवा नंतर कधीच खेळलो नाही. चेंडू माझ्याकडून शबानाकडं, तिच्याकडून बारक्या उजवीकडं, परत माझ्याकडं असा फिरत होता की अनोळखी माणसं टाळ्या वाजवायला लागली. गोल मात्र कुणाला मारता आला नाही. आम्ही त्याच एका गोलानं हरलो. सर मैदानात धावत आले. त्यांचे डोळे भरले होते. "आज खेळलात," ते म्हणाले. "आज खरं खेळलात." त्यांचा तो आनंदानं फुललेला चेहरा मला आठवतो आणि अजूनही अंगावर काटा येतो. साहेबांनी जिंकलेल्या संघातल्या मुली निवडल्या आणि ते जीपमध्ये बसून गेले. परतीच्या टेम्पोत महादेवी सगळ्यात मागं, अनवाणी बसली होती.

काही दिवसांनी तिचा बाप शाळेत आला. भांडायला नाही. पटकूर खांद्यावर टाकून व्हरांड्यात उभा राहिला. सर बाहेर आले.

"सर, आमी निघालो," तो म्हणाला. "हिचा दाखला पायजे होता."

"हिला कामून नेतोस? पुढच्या साली पुन्हा सामने हायत. मी घालतो तिला."

"पुढच्या सालापर्यंत कुणापाशी ठेवू?"

एकटा पुरुषमाणूस, गिरणीशेजारची खोली. माझ्यापाशी ठेव, असं सर म्हणणार तरी कसे?

"वसतिगृहात लागली असती तर ठेवलो असतो," बाप म्हणाला. त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर सरांना सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी सर बीदरला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. साहेबांना भेटले, साहेबांच्या वरच्या साहेबांना भेटले, कलबुर्गीपर्यंत जाऊन आले. जागा भरल्या होत्या. माणसानं एकदा तोंडानं सांगितलं होतं की पोर तयार नाही. आता तोच माणूस सांगत होता की तिच्यासारखी दुसरी नाही. कुणी का ऐकावं? सर धावपळ करून परत येईपर्यंत महादेवीच्या घराला कुलूप लागलं होतं.

त्यानंतर सर रविवारी गावात दिसेनासे झाले. पहाटेच्या गाडीनं हैदराबादला जायचे. कुठल्या बांधकामावर ती असेल याचा पत्ता त्यांच्याकडं नव्हता, फक्त भागाचं नाव कुणीतरी सांगितलं होतं. सोमवारी ते शाळेत यायचे तेव्हा चपलांवर सिमेंटची धूळ असायची. एका सोमवारी त्यांना बघून वाटलं की ती सापडली असावी. मी विचारलं. ते म्हणाले, "हाय, बरी हाय," आणि स्टाफरूममध्ये गेले. पुढं आणखी काही रविवार ते गेले. मग जाणं एकाएकी बंद झालं.

मैदानावर ते येत राहिले, पण कडुलिंबाखाली बसून असायचे. आम्ही हवं तसं खेळायचो. चेंडू कुणीकडंही जायचा आणि कुणी विचारायचं नाही की कुणाला दिलीस. त्या शांततेची आम्हाला भीती वाटायला लागली. एकदा मी मुद्दाम अगदी वाईट पास दिला, चेंडू पार कुंपणापर्यंत गेला. मी सरांकडं बघितलं. ते बघत होते, काही बोलले नाहीत. मी त्यांच्याजवळ गेले. मला रडू येत होतं.

"सर, सांगा की. चुकलं की सांगायचं ना."

"मी सांगून काय झालं ते बघितलीस न्हवं?" ते म्हणाले.

"सर, तुमी खेळत होता तवा कसं खेळत होता?" माझ्या तोंडून असंच निघून गेलं.

त्यांनी मैदानाकडं बघत उत्तर दिलं, "एकट्यानं."

पुढच्या वर्षी आम्ही तालुक्यालाच हरलो. त्याच्या पुढच्या वर्षी संघ झालाच नाही. मी शिकायला बीदरला आले आणि सर निवृत्त होऊन हिप्परग्याला गेले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेल्याचं एका जुन्या शिक्षकांकडून कळलं. मी मादन हिप्परग्याला जाऊन आले. त्यांचा धाकटा भाऊ तूर विकून नुकताच घरी आला होता. मी शाळेतली विद्यार्थिनी म्हणून सांगितल्यावर त्यानं पाणी दिलं. "अण्णा शाळेत काय शिकवायचा?" त्यानं मलाच विचारलं. मी फुटबॉल म्हटलं तर त्याला नवल वाटलं. शेवटची दोन वर्षं अर्धांगानं ते अंथरुणावर होते, बोलणं गेलं होतं, एवढं त्यानं सांगितलं. घरात चेंडू नव्हता, एखादा फोटोही नव्हता.

शबाना लग्न होऊन हैदराबादला असते. तिच्याकडून महादेवीचा फोन नंबर मिळाला. इतक्या वर्षांनी फोन करायला सरांचं मरण लागलं. एका दुपारी मी लावला. मागं कुठंतरी मशीन घरघरत होतं. ती अजून बांधकामावरच होती, आता नवऱ्याबरोबर. मी सर गेल्याचं सांगितलं.

"आजारी होते?" तिनं विचारलं.

"व्हय. लई दिवस."

"जवळ कोण होतं?"

"भाऊ."

मग आपणहून सांगायला लागली. "इथं यायचे. आयतवारी. पहिल्यांदा आले तवा मी घमेलं घेऊन वर होते. खालून हाक मारले. मी उतरले. म्हणाले, महादेवी, माझं चुकलं. मी गप्पच. सांजपर्यंत उन्हात उभारले. पुढल्या आयतवारी पुन्हा आले, पुन्हा तेच. शेवटी मीच सांगितले, सर, येऊ नका, मुकादम इचारायलाय ह्यो म्हातारा कोण."

"महादेवी, त्यांचा जीव होता तुझ्यावर."

"ठाव हाय मला. माझ्याएवढं कुणाला ठाव हाय?" ती म्हणाली. "पण त्या दिवशी मी मैदानात उतरले असते आन् एक बी गोल मारले नसते, तर माझं मी हारले असते. ते सुदीक त्यांनी मला करू दिलं न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माफी मागितले. मी दिले न्हाई," ती म्हणाली. "आता मेले म्हणून देऊ व्हय?"

तिच्या आवाजात रडू नव्हतं. ती मला खरंच विचारत होती. तिकडून कुणीतरी तिला तेलुगूत हाक मारली. "आले," ती त्यांना म्हणाली. फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मी कानाला लावून ऐकत राहिले. खडी ओतल्याचा आवाज आला, एक बाई हसली, मशीन परत सुरू झालं.